एनजीसी ३१९८चा वेग, डार्क मॅटर न धरता, साध्या कॅल्क्युलेटरवर

सप्तर्षी ज्या तारकासमूहात आहेत, त्याच समूहात एनजीसी ३१९८ ही सर्पिल दीर्घिका आहे. अंतर १३.८ मेगापार्सेक, म्हणजे साधारण साडेचार कोटी प्रकाशवर्षं. तिच्या केंद्रापासून ३० किलोपार्सेकवरचा (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षं) हायड्रोजन वायू सेकंदाला १५० किलोमीटर वेगाने फिरतो. तारे आणि वायू मिळून जेवढं वस्तुमान दिसतं, तेवढंच न्यूटनच्या सूत्रात घातलं तर त्या ठिकाणी वेग ७०च्या आतबाहेर यायला हवा. १९८५ साली व्हॅन अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी या दीर्घिकेवर जो अभ्यास केला, त्यानंतर ती डार्क मॅटरच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढीतून जाणवणाऱ्या पदार्थाच्या, वलयाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण झाली. म्हणून उलट बाजूचं गणितही तिच्यावरच करून बघू.

उलट बाजू म्हणजे मॉन्ड, मॉडिफाइड न्यूटनियन डायनॅमिक्स. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटचे मोर्दहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली तीन शोधनिबंधांत ती मांडली. वस्तुमान वाढवायचं नाही, नियम बदलायचा. पण कधी बदलायचा, यात सगळी मेख आहे. ‘फार लांब गेलं की गुरुत्वाकर्षण वेगळं वागतं’ असं म्हणून भागत नाही, कारण गडबड कुठे सुरू होते ते अंतर प्रत्येक दीर्घिकेत वेगळं असतं. झगझगीत मोठ्या दीर्घिकांत ती बाहेरच्या कडेला दिसते. फिक्या, विरळ दीर्घिकांत अगदी आतपासूनच दिसते. सगळीकडे सारखा असतो तो त्वरणाचा आकडा. न्यूटनच्या हिशोबाने येणारं त्वरण या आकड्याच्या खाली गेलं की प्रत्यक्षातलं त्वरण न्यूटनपेक्षा जास्त भरतं. या आकड्याला ए-नॉट म्हणतात. त्याचं मूल्य सेकंदवर्गाला १.२ मीटर भागिले १० अब्ज, इतकं बारीक. सूर्यापासून साधारण ७००० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) सूर्याची ओढ एवढी क्षीण होते. नेपच्यून ३०वर आहे, त्यामुळे ग्रहांच्या कक्षांत या बदलाचा मागमूस दिसत नाही.

मीटर आणि सेकंदांत हे गणित करायला गेलं की दहाच्या घातांत जीव जातो. वेग किलोमीटर प्रति सेकंद, अंतर किलोपार्सेक आणि वस्तुमान अब्ज सूर्य असं धरलं तर दोनच आकडे पाठ करावे लागतात: गुरुत्वस्थिरांक ४३००, ए-नॉट ३७००. त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर, त्याच एककांत. बस.

वस्तुमान कुठून आणायचं

इथे स्पार्क नावाचा मोफत उपलब्ध असलेला माहितीसंच कामाला येतो. फेडेरिको लेली, स्टेसी मॅकगॉ आणि जेम्स शॉम्बर्ट यांनी २०१६ साली १७५ दीर्घिकांची मोजमापं एका ठिकाणी आणली. ताऱ्यांसाठी स्पिट्झर दुर्बिणीची ३.६ मायक्रॉनवरची छायाचित्रं, वायूसाठी रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं. अवरक्त प्रकाश निवडण्याचं कारण साधं आहे. निळा प्रकाश मूठभर तरुण, अवजड ताऱ्यांचा असतो आणि धुळीत अडकतो. ३.६ मायक्रॉनवर मुख्यतः जुने, संख्येने जास्त असलेले तारे दिसतात, त्यामुळे प्रकाशावरून वस्तुमानाचा अंदाज बराच भरवशाचा येतो. तबकडीसाठी सूर्याच्या एका तेजाला अर्धं सूर्यवस्तुमान, मधल्या फुगवट्यासाठी ०.७, असा दर रूढ आहे.

एनजीसी ३१९८ची तेजस्विता साधारण ३८.३ अब्ज सूर्य. निम्मे केले की ताऱ्यांचं वस्तुमान १९.१ अब्ज. अणुरूप हायड्रोजन १०.९ अब्ज, त्यात हेलियम मिसळलेला असतो म्हणून १.३३ने गुणायचं, १४.५ अब्ज. एकूण ३३.६.

आता मॉन्डचं सगळ्यात सोपं रूप. त्वरण ए-नॉटच्या बरंच खाली असेल तर खरं त्वरण म्हणजे न्यूटनचं त्वरण आणि ए-नॉट यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. न्यूटनचं त्वरण अंतराच्या वर्गाने घटतं. वर्गमूळ काढल्यावर ते नुसत्या अंतराने घटतं. डावीकडे वेगाचा वर्ग भागिले अंतर आहेच. दोन्हीकडचं अंतर कटतं आणि उरतं ते असं: वेगाचा चौथा घात = गुरुत्वस्थिरांक × वस्तुमान × ए-नॉट. अंतरच उरलं नाही, म्हणजे बाहेर कितीही गेलं तरी वेग तोच. सपाट आलेख आपोआप आला.

४३०० गुणिले ३३.६ म्हणजे १,४४,४८०. त्याला ३७००ने गुणलं की सुमारे ५३.४६ कोटी. वर्गमूळ २३,१२१. पुन्हा वर्गमूळ १५२.

मोजलेला वेग १५०.

एका दीर्घिकेवर हुरळून जाऊ नये, म्हणून अगदी दुसऱ्या टोकाची एक घेऊ. डीडीओ १५४ ही चिमुकली, वायूने भरलेली दीर्घिका. तेजस्विता फक्त ०.०५३ अब्ज सूर्य, हायड्रोजन ०.२७५ अब्ज. एकूण वस्तुमान ०.३९ अब्ज, म्हणजे पहिलीच्या तुलनेत सुमारे शहाऐंशीवा हिस्सा. तेच गणित केलं की ५० येतात. मोजलेला सपाट वेग ४७. या दीर्घिकेची खुबी अशी की इथे ताऱ्यांचा दर चुकला तरी बिघडत नाही. अर्ध्याऐवजी पूर्ण एक धरला तरी उत्तर ५०वरून जेमतेम ५१वर जातं, कारण जवळजवळ सगळं वस्तुमान वायूचं आहे आणि वायूचं वस्तुमान रेडिओ लहरींवरून थेट मोजता येतं. ‘दर हवा तसा वळवून उत्तर जुळवलं’ हा आक्षेप अशा दीर्घिकांवर टिकत नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीचं योगदान नेमकं इथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन केलेल्या फिग्ज सर्वेक्षणात अशाच फिक्या, वेड्यावाकड्या आकाराच्या बुटक्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला गेला.

सपाट भागापलीकडे: पूर्ण आलेख

सपाट वेग जुळणं ही अर्धीच परीक्षा. प्रत्येक त्रिज्येवर वेग जुळायला हवा, आणि आतल्या भागात तर त्वरण ए-नॉटपेक्षा मोठं असतं. न्यूटनचा प्रदेश आणि मॉन्डचा प्रदेश यांना सांधणारं सूत्र लागतं. स्पार्कच्या लोकांनी २०१६ साली वापरलेलं सूत्र स्प्रेडशीटमध्ये सहज बसतं. न्यूटनच्या त्वरणाला ए-नॉटने भागा, त्याचं वर्गमूळ घ्या, ई या संख्येचा तेवढा उणे घात काढा, तो एकातून वजा करा. जे येईल त्याने न्यूटनच्या त्वरणाला भागा. हे झालं खरं त्वरण.

स्पार्कच्या फाइलमध्ये प्रत्येक त्रिज्येसमोर मोजलेला वेग, त्याची चूक, आणि वायू, तबकडी व फुगवटा यांचे वेगवेगळे वेग दिलेले असतात. हे तिन्ही वेग म्हणजे तो घटक एकटा असता तर न्यूटनप्रमाणे वायू किती वेगाने फिरला असता, ते. वेग थेट बेरजेत घालायचे नसतात, त्यांचे वर्ग बेरजेत जातात. तबकडी आणि फुगवट्याचे वेग दर एक धरून दिलेले आहेत, म्हणून वर्गाला अनुक्रमे ०.५ आणि ०.७ने गुणायचं. वेगाला गुणलं तर चूक. वायूच्या रकान्यात मात्र हेलियमचा १.३३ आधीच मिसळलेला आहे. तो पुन्हा लावला की वायू फुकट तेहतीस टक्के वाढतो. मग बेरजेला त्रिज्येने भागलं की न्यूटनचं त्वरण मिळतं.

एका ठिकाणी स्प्रेडशीट हमखास एरर देते. पुष्कळ दीर्घिकांत वायूच्या तबकडीला मध्यभागी खड्डा असतो, हायड्रोजन तिथे विरळ होतो. अशा ठिकाणी बाहेरचा वायू आतल्या कणाला बाहेरच्या दिशेने ओढतो. स्पार्कमध्ये ही ओढ उणे वेग म्हणून नोंदवलेली असते. नुसता वर्ग केला की उणे चिन्ह पुसलं जातं आणि ओढ आतल्या दिशेची होऊन बसते. म्हणून वेगाला त्याच्याच चिन्हविरहित मूल्याने गुणायचं, चिन्ह शाबूत राहतं. अगदी आतल्या एखाद्या बिंदूवर तारे फारच कमी असतील तर एकूण बेरीज उणे जाऊन वर्गमूळच निघत नाही. तो बिंदू सरळ सोडून द्यावा.

एनजीसी ३१९८साठी ३० किलोपार्सेकवर हातानेच करून बघू. सगळं वस्तुमान केंद्रात आहे असं धरतो. एवढ्या बाहेर त्याने थोडाच फरक पडतो. न्यूटनचं त्वरण १,४४,४८० भागिले ९०० म्हणजे १६०.५. न्यूटनचा वेग ६९. ए-नॉटशी गुणोत्तर ०.०४३, वर्गमूळ ०.२०८, एकातून वजा केल्यावर ०.१८८. खरं त्वरण ८५४, वेग १६०.

१५० मोजलेला, १६० आला. मघाशी १५२ आले होते, कारण ते सूत्र फक्त अतिक्षीण त्वरणाच्या टोकाचं आहे आणि इथे आपण त्या टोकापर्यंत पुरते पोचलेलो नाही. हा दहा किलोमीटरचा फरक लपवण्यासारखा नाही. या दीर्घिकेवरच्या मॉन्डच्या प्रकाशित विश्लेषणांतही असाच कल दिसतो: अंतर थोडं कमी धरलं तर जुळणी सुधारते. असं का, तेही याच गणितातून कळतं. दीर्घिका दहा टक्के जवळ मानली तर त्रिज्या दहा टक्के घटते आणि तेजावरून व रेडिओ संकेतावरून काढलेलं वस्तुमान अंतराच्या वर्गाने घटतं. न्यूटनच्या त्वरणात वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग असतो, तेव्हा ते जसंच्या तसं राहतं! बदलते ती फक्त त्रिज्या, आणि वेग तिच्या वर्गमुळाने. १६०चे १५२ होतात. पण १३.८ हे अंतर हबल दुर्बिणीने सेफिड, म्हणजे ठरावीक लयीत तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांवरून काढलेलं आहे, मनाला येईल तसं ओढण्यातलं नाही. एनजीसी ३१९८ मॉन्डला थोडी टोचते, हे मान्य करून पुढे जावं.

अंतरापेक्षा मोठा घातकी आकडा म्हणजे झुकाव. २१ सेंटिमीटरच्या रेषेवरून आपल्याला वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग कळतो. १४२०.४ मेगाहर्ट्‌झची रेषा सेकंदाला एक किलोमीटरमागे पावणेपाच किलोहर्ट्‌झ सरकते, आणि तेवढं मोजणं रेडिओ दुर्बिणीला जड नाही. अवघड आहे ते तबकडी किती कललेली आहे हे ठरवणं. मोजलेल्या वेगाला झुकावाच्या साइनने भागायचं असतं. कोन ७० अंश असेल तर पाच अंशांच्या चुकीने फारसं बिघडत नाही. दीर्घिका जवळजवळ समोरून दिसत असेल, कोन २० अंश मानला आणि प्रत्यक्षात तो १५ असेल, तर वेग २४ टक्के कमी धरला जातो. सूत्रात वेगाचा चौथा घात आहे, म्हणजे वस्तुमानात तिपटीची चूक. ‘मॉन्ड मोडणारी दीर्घिका सापडली’ अशी बातमी दिसली की आधी झुकावाचा आकडा बघावा; बऱ्याचदा पाणी तिथेच मुरत असतं. स्पार्कच्या मुख्य आलेखातून ३० अंशांखालच्या १० दीर्घिका वगळल्या आहेत, आणखी १२ वेडावाकडा वेग असलेल्या. उरल्या १५३, आणि त्यांतले २६९३ बिंदू.

बाकीच्या चुका थोडक्यात. अँटेनाची नजर पुरेशी तीक्ष्ण नसेल तर आतल्या भागातला चढता वेग पुसट होऊन कमी दिसतो. बुटक्या दीर्घिकांत वायूच्या स्वतःच्या खळबळीचा दाबही थोडं वजन पेलतो, त्यामुळे फिरण्याचा वेग असायला हवा त्याहून कमी भरतो आणि तो वाढवून घ्यावा लागतो. मध्ये आडवा दांडा असलेल्या दीर्घिकांत वायू गोल फिरतच नाही. आणि एकाच दीर्घिकेतले वीस बिंदू म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. अंतर किंवा झुकाव चुकला तर सगळे बिंदू मिळून एकाच दिशेला सरकतात.

एवढं सगळं असूनही त्या २६९३ बिंदूंची दिसणाऱ्या पदार्थावरून काढलेल्या त्वरणाशी गाठ एका रेषेवर पडते. विखुरणं दशमान लॉगमध्ये ०.१३, म्हणजे साधारण ३५ टक्के, आणि त्यातलं बहुतेक मोजमापाच्या चुकांतूनच येतं. डार्क मॅटर मानणाऱ्यांनी उत्तर द्यावं असा प्रश्न हा आहे. प्रत्येक दीर्घिकेचा इतिहास वेगळा, विलीनीकरणं वेगळी, वलयं वेगळी. मग दिसणारा पदार्थ पाहून न दिसणाऱ्याचा हिशोब इतका नेमका कसा लागतो? संगणकातल्या दीर्घिकांत असा संबंध काही प्रमाणात उमटतो, पण तिथे ताऱ्यांच्या स्फोटांची ऊर्जा किती आणि कशी द्यायची हे आधी बसवलेलं असतं.

शेजाऱ्याचा त्रास

मॉन्डमध्ये एक गोष्ट न्यूटनच्या सवयीच्या पूर्ण विरोधात जाते. न्यूटनच्या जगात एखादी व्यवस्था बाहेरच्या एकसारख्या ओढीत मुक्तपणे पडत असेल तर तिच्या आतल्या हालचालींवर त्या ओढीचा परिणाम नसतो. मॉन्डमध्ये असतो, कारण नियम एकूण त्वरणावर ठरतो. आतलं त्वरण कितीही क्षीण असो, मोठी शेजारीण जवळ असली की वाढीव ओढ आटते. आपल्या आकाशगंगेच्या उपदीर्घिका क्रेटर-२ हिच्यासाठी मॅकगॉ यांनी हे धरून २०१६ साली ताऱ्यांच्या वेगांचा पसारा सेकंदाला २.१ किलोमीटर असेल असं आधी लिहून ठेवलं. मोजल्यावर २.७ आला, मोजमापातली अनिश्चितता ०.३. शेजारीण धरली नसती तर आकडा याच्या जवळपास दुप्पट आला असता. हा परिणाम विसरून एकट्या दीर्घिकेचं सूत्र उपदीर्घिकेला लावणं, ही नवख्याची ठरलेली चूक.

जिथे गाडी अडते

दीर्घिकांच्या समूहांत. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ साली कोमा समूहात वस्तुमानाची तूट दिसली, आणि ती मॉन्डने भरून निघत नाही. जवळपास दुपटीची तूट राहते. कारण सूत्रातच आहे: समूहांच्या मध्यभागी त्वरण ए-नॉटच्या आसपास किंवा वर असतं, तिथे सूत्राला वाढवायला जागाच नसते. ही तूट न्यूट्रिनोंनी भरावी असं सुचवलं गेलं. त्यासाठी प्रत्येकाचं वस्तुमान २ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लागलं असतं. कार्ल्सरूहच्या काट्रिन प्रयोगाने ती मर्यादा आता ०.४५च्या खाली आणली आहे, म्हणजे नेहमीच्या न्यूट्रिनोंचा तो मार्ग बंद. बुलेट समूहात तर दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत, गरम वायू मध्ये अडकलाय, आणि प्रकाश वाकवणारं वस्तुमान २००६च्या विश्लेषणात वायूजवळ नाही, दीर्घिकांजवळ दिसतं. समूहातला बहुतेक दिसणारा पदार्थ वायूच असतो, तेव्हा नुसता नियम बदलून हे चित्र जमत नाही.

दुसरी अडचण विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशाची. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या आलेखातला तिसरा उंचवटा जवळजवळ दुसऱ्याइतकाच उंच आहे. किरणांच्या दाबाला न जुमानणारं काहीतरी ओढत असल्याशिवाय तो तेवढा उभा राहत नाही. मिलग्रोम यांचं सूत्र यावर काही बोलूच शकत नाही, त्यासाठी सापेक्षतेशी जुळणारा सिद्धान्त हवा. याकोब बेकेनस्टाइन यांनी २००४ साली तो दिला, टेव्हेस नावाचा. १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वलहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक! टेव्हेसमध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या पडतात, त्यामुळे तो त्याच्या मूळ रूपात बाद झाला. २०२१ साली स्कोर्डिस आणि झ्वोश्निक यांनी असा सिद्धान्त मांडला की ज्यात लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि तिसरा उंचवटाही जमतो. पण तो जमवण्यासाठी त्यातलं एक क्षेत्र आरंभीच्या विश्वात दाबहीन धुळीसारखं वागतं. मग डार्क मॅटरपासून आपण किती लांब आलो, हा प्रश्न उरतोच.

सध्याची सगळ्यात तापलेली परीक्षा घराजवळची आहे: एकमेकांपासून खूप दूर असलेले जोडतारे. इथे दीर्घिकेचं वलय मध्ये येत नाही. पण शेजारणीचा नियम इथेही लागू. सूर्याच्या परिसरात आकाशगंगेचं त्वरण आपल्याच एककांत २३३चा वर्ग भागिले ८.२, म्हणजे ६६२०, ए-नॉटच्या १.८ पट. त्यामुळे मॉन्डची वाढ आटून वेगात जेमतेम २० टक्के उरते. प्रत्येकी एका सूर्याचे दोन तारे १०,००० खगोलीय एककांवर असतील तर फेरीला सात लाख वर्षं लागतात आणि सापेक्ष वेग सेकंदाला ४२० मीटर. त्याचे २० टक्के म्हणजे ८४ मीटर. १०० पार्सेकवरून हे आकाशात वर्षाला ०.१८ मिलि-आर्कसेकंद सरकणं होतं. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांत ते दिसतं. तरीही एकच माहितीसंच वापरून क्यू-ह्यून चे यांना मॉन्डची वाढ दिसते आणि इंद्रनील बनिक यांच्या गटाला ठामपणे न्यूटन. भांडण तिसऱ्या ताऱ्यावरून आहे. जोडीतल्या एखाद्याला चिकटून न दिसणारा लहान साथीदार असेल तर तो मुख्य ताऱ्याला हलवत राहतो, आणि ते हलणं वाढीव वेगासारखंच भासतं. असे किती साथीदार धरायचे, त्यावर उत्तर इकडून तिकडे जातं. साथीदार वेगळे काढायला एकेका ताऱ्याचा आपल्या दिशेचा वेग वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, शेकडो जोड्यांचा, आणि ते काम जमिनीवरच्या वर्णपटमापकांवर चालतं.